चालून पाहिलेली वाट

“मग एकदाचं म्हणून टाक ना मावशी, तुझ्या प्रोग्रॅमच्या कोडात चूक आहे! एवढं कबूल कर, मी ही बॅग आत्ता खाली ठेवतो.”

“नाही म्हणणार. चूक नाहीच, तर म्हणू कशी?”

“मग नकाशावरची वाट खरी आहे.”

“वाट नाही तिथे.”

“अगं, दोन्ही एकदम कसं खरं असेल?”

भाच्याने पाठीवरच्या बॅगेचे पट्टे करकचून आवळले. मावशी त्याच्या आणि धुक्याच्या मधोमध उभी होती, कमरेवर हात ठेवून. पंधरा मिनिटं हेच चाललं होतं. माथ्यावरच्या दगडी खोपटाच्या दारात शिक्षिका पाय लांब करून बसली होती. तिचा घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. बाकीचे चौघे कधी त्या पायाकडे बघत, कधी या दोघांकडे. मध्ये पडायची कोणाची छाती नव्हती.

तशी ही मंडळी नेहमीच भांडायची. प्रोग्रॅम लिहायचे आणि जगाला फुकट वाटून टाकायचे, असली ही खुळी माणसं. महिन्यातून एकदा डोंगर चढायचा, माथ्यावर प्रत्येकी एक बिअर फोडायची, आणि कोणाच्या कोडात काय घाण आहे यावरून एकमेकांची सालटी काढायची. पायवाटांचा एक नकाशाही त्यांनी मिळून केला होता. वाट कोणीही काढावी, पण दुसऱ्या कोणी ती शेवटापर्यंत चालून ‘होकार’ दिल्याशिवाय नकाशावर ती तुटकच दिसे. होकार मिळाला की रेघ अखंड व्हायची. आणि घरबसल्या होकार देणाऱ्यांसाठी कुलूप होतं. फोन वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखर गेला असेल, तरच ते उघडे.

ते कुलूप मावशीचं. सातवीत शाळा सुटलेली, बावन्नाव्या वर्षी वाचनालयातली पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकलेली ही बाई. मोठमोठे पदवीवाले दोन वर्षं त्या कुलपात भोक शोधत होते, सापडलं नव्हतं. मावशी ते मिरवायची. का मिरवू नये?

आणि आज तेच कुलूप तिच्यावर उलटलं होतं.

“मोठ्या वाटेने उतरायला चार तास,” भाचा म्हणाला. “हिला उचलून नेलं तर सहा. मी इथून अर्ध्या तासात खाली जातो, माणसं आणि स्ट्रेचर घेऊन येतो. यात तुझ्या पोटात काय दुखतंय?”

“ती रेघ कोणी काढली, ते ठाऊक आहे ना तुला?”

भाच्याने धुक्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

रेघ दाढीने काढली होती. दाढी म्हणजे या सहली सुरू करणारा माणूस. मागच्या वर्षी अशाच धुक्यात, याच खोपटामागून, ‘जवळची वाट सापडली रे’ असं ओरडत तो पुढे गेला. कड्याच्या टोकाशी त्याची टोपी मिळाली. तो मिळाला नाही, फोनही मिळाला नाही. आणि सहा आठवड्यांनी नकाशावर एक वाट उगवली. खोपटामागून सरळ खाली. काढणारा: दाढी.

कोणीतरी फोन उचलला असेल, चाळा केला असेल, म्हणून लोकांनी सोडून दिलं. तुटक रेघ, पडून राहिली. डोंगरावर रेंज नसते, म्हणून आज सकाळी घरून निघताना भाच्याने नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तेव्हा ती अखंड होती.

धुकं आता खोपटाच्या उंबऱ्याशी आलं होतं. त्याला वास होता. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली शिळ्या बिअरचा, आंबूस. मावशीने नाक उडवलं. आपल्याच बाटल्यांचा असेल, तिने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात तो आवाज आला.

हूऽऽ...

खालून. खोल, लांबलचक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. हा त्यांचाच संकेत होता. जो आधी पोचेल त्याने बाटली फुंकून मागच्यांना बोलवायचं. दाढीनेच लावलेली सवय.

“ऐकलंस?” भाच्याचे डोळे चमकले. “खाली कोणीतरी आहे... आपल्यातलंच. म्हणजे वाट आहे.”

मावशीने भिंतीकडे पाहिलं. सात माणसं, सात रिकाम्या बाटल्या. सातही ओळीने उभ्या होत्या.

हूऽऽ... या वेळी जरा जवळून.

“मावशी,” दारातून शिक्षिका पुटपुटली, “जाऊ देऊ नका हो त्याला... माझा पाय थांबेल.”

बहीण गेल्यावर तीन वर्षांच्या या पोराला मावशीने पाठीवर बांधून वाढवलं होतं. हट्ट तिचाच उचलला होता मेल्याने. दरडावून तो थांबणारा नव्हता. हात धरला असता तर झटकून गेला असता.

“बाळा,” ती हळू आवाजात म्हणाली, “होकार कोणाचा आहे, तेवढं वाच... मग जा.”

भाच्याने रेघेवर बोट दाबलं. यादी उघडली. तो मनातल्या मनात वाचू लागला.

“मोठ्याने वाच.”

“माझं नाव आहे,” तो म्हणाला. “आजची तारीख. चार वाजून सोळा मिनिटं.”

“आत्ता किती वाजलेत?”

“चार... अकरा.”

मग भाचा हसला, कोरडं, आणि त्याची जीभ सैल सुटली. “घड्याळाचा घोळ! सर्व्हर कुठल्या तरी दुसऱ्या देशात, तिथली वेळ वेगळी, तारीख पुढेमागे. माझ्या जुन्या चाचणीतली नोंद इकडे चिकटली असणार. असे शंभर घोळ निस्तरलेत मी. तूच शिकवलंस ना, प्रोग्रॅमला भूत लागत नाही, चूक लागते?” आणि तो तिला वळसा घालून निघाला.

त्याच्या हातातला फोन मावशीने हिसकावला. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. अंगठ्याने यादी आणखी थोडी वर सरकवली.

हूऽऽ... अगदी खोपटामागून.

तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

“माझ्या कुलपात चूक नाही रे, तुझ्याखाली तीन मिनिटांनी माझं नाव आहे, आणि या वाटेवर मी पाय टाकीन तो फक्त तुझी किंकाळी ऐकली तरच.”