धारूर घाटातली साखळी

"त्याला सांग, आज घाटात दिसायचं न्हाई."

आसाराम हे बायकोला म्हणाला, पण ज्याला सांगायचं होतं तो हनुमान चार हातांवर, कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या, दारातच कोयत्याला धार लावत बसला होता. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. बाप थोरल्या पोराशी बोलायचा तो आईच्या मार्फत, आणि त्याचं नाव तर घ्यायचाच नाही.

विमलबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "ऐकलंय त्यानं. बहिरा न्हाई तो."

"सत्यमचा आजचा दिवस लई मोठा हाय. सकाळी सकाळी चोराचं तोंड दिसलं तर..."

चोर... तीन वर्षांत हा शब्द जुना व्हायला पाहिजे होता, पण दर वेळी तो हनुमानच्या काळजात नवा असल्यासारखाच घुसायचा. त्यानं मान खाली घातली आणि धार लावत राहिला. बाप जीपमध्ये बसून घाटमाथ्याकडं निघून गेला.

सत्यम म्हणजे धाकटा. एकवीस वर्षांचा. चार दिवसांची सायकलची मोठी रेस, आज शेवटचा दिवस, आणि चढाच्या गुणांमध्ये सत्यम आणि नाशिकचा एक पोरगा अगदी बरोबरीत. आता राहिला होता एकच चढ. परळीहून निघायचं, तेलगाव सोडलं की धारूरचा घाट, आणि जो माथ्यावर आधी पोचेल तो घाटाचा राजा. लाल ठिपक्यांची जर्सी त्याची, पुण्याच्या अकॅडमीतली दोन वर्षं पण त्याचीच. दुसऱ्याला काही नाही. आसारामनं सांगूनच टाकलं होतं, "हारलास तर उद्यापासून फडात."

फडात म्हणजे ऊसतोडीला. शिरूर कासारहून हे कुटुंब दर साली यायचं. ऊस तोडायला जोडी लागते, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. आसारामची कंबर गेल्यापासून विमलबाई आणि हनुमान मिळून एक कोयता झाले होते.

नऊ वाजता मुकादमाचा फोन आला. इथला फड संपला, आता धारूरच्या वरच्या अंगाला जायचं, ट्रॅक्टर पाठवतोय, लगेच निघा.

"आई, रस्ता घाटातून हाय," हनुमान म्हणाला.

"मग काय उडत जायचं?" विमलबाई म्हणाली.

रिकामी ट्रॉली खडखडत घाट चढायला लागली. हनुमान तळाला दडून बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. एकच विचार... रेस यायच्या आत वर पोचू दे. पण तिसऱ्या वळणावर पोलिसानं हात केला. "बाजूला घे. रेस येतीये."

नेमकं तेच वळण.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याची रेस याच घाटात झाली होती. दोघं भाऊ होते, एकाच दुकानातून घेतलेल्या लाल जर्सीत. याच वळणावर एका लाल जर्सीवाल्यानं चालत्या ट्रॉलीची मागं लोंबणारी साखळी धरून दहा-बारा सेकंद आयता चढ चढला, आणि मागून कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. पाठीवरचा नंबर फडफडत होता, वाचता येत नव्हता. रेसवाल्यांनी दोघांना समोर उभं केलं. तुमच्यातला कोण? बाप, त्यांचे आण्णा, तिथंच उभे होते. सत्यमचा ओठ थरथरायला लागला... आणि हनुमान पुढं झाला. "मी."

कारण साखळी धरायला त्यानंच शिकवलं होतं ना. लहानपणी याच घाटात, एका सायकलीवर दोघं. डाव्या हातानं साखळी धर, उजव्यानं हँडल. खेळ होता तो. हात सत्यमचा असला तरी सवय हनुमाननं लावली होती. त्या दिवसापासून हनुमानची सायकल बंद झाली आणि बापाचं बोलणंही.

ड्रायव्हर बद्रीनाथ मोबाईलवर रेस बघत बसला होता. "दोघंच हायत बे पुढं. तुझा भाऊ आन् नाशिकवाला. चाकाला चाक लावून चाललेत."

हनुमाननं गुडघ्यातूनच विचारलं, "दम कसा टाकतोय?"

"मोबाईलात दम दिसतो का? उठून बघ की."

"उठ," विमलबाई म्हणाली. "भाऊ यायलाय."

हनुमान उठला, खाली उतरला, चाकाआड उभा राहिला. ते आले. नाशिकवाला पुढं, सत्यम त्याच्या मागं हातभर. सत्यमची नजर उभ्या ट्रॉलीवर गेली, लोंबणाऱ्या साखळीवर गेली, आणि मग चाकाआडच्या भावावर. एका क्षणात त्याच्या पायातला जीवच गेला जणू. हातभराचं अंतर पाच हात झालं, बघता बघता वीस झालं...

हनुमान पळत सुटला. अंगाला हात लावायचा नव्हता, लावला असता तर पोरगं बाद झालं असतं. नुसता शेजारून पळत होता, अनवाणी, तापल्या डांबरावरून.

"सत्या, मान वर कर."

"जमत न्हाई, दादा."

"कावून? पाय गेले का?"

"तू दिसलास की जमत न्हाई."

हनुमान तसाच पळत राहिला. तीन वर्षं त्याला वाटत होतं, आपण भावाच्या पाठीवरचं ओझं काढून घेतलं. आणि ते ओझं तर तिथंच होतं, दर चढाला सत्यम ते घेऊनच चढत होता...

"मी आण्णाला सांगतो दादा. आजच सांगतो."

चारचौघांत सांगितलं तर जिंकून पण अकॅडमी हातची जाईल, हे हनुमानला कळत होतं. आजवर दर वेळी तो हेच म्हणाला होता, गप बस, तोंड उघडू नको. आता विचार करायला दहा पावलं होती फार तर.

"सांग," तो म्हणाला. "पर वर जाऊन सांग. आन् पहिला जा."

सत्यम पायडलवर उभा राहिला. वळणापलीकडं दिसेनासा झाला.

मग नुसती वाट बघणं. बद्रीनाथच्या मोबाईलची रेंज गेली, त्यानं तो ट्रॅक्टरच्या टपावर धरून बघितला, शिव्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. वरून लोकांचा गलका आला, पण गलक्याला नाव नसतं. मागची सगळी पोरं निघून गेल्यावर पोलिसानं सोडलं. उरलेला घाट चढायला ट्रॅक्टरला वीस मिनिटं लागली, हनुमानला त्यात वीस वेळा वाटलं की उतरून माघारी पळावं.

माथ्यावर ठिपक्यांची जर्सी नाशिकच्या पोराच्या अंगात होती.

"अर्ध्या चाकानं गेली," कुणीतरी सांगितलं.

सत्यम रस्त्याकडंला मातीत बसला होता. शेजारी आसाराम उभा. त्याचा चेहरा बघूनच हनुमानला कळलं, सांगून झालंय.

आसाराम कंबरेवर हात ठेवून हळूहळू ट्रॉलीपाशी आला. "विमल... तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. रात्री हनुमान पोटभर जेवला. सत्यमनं ताटाला हात लावला न्हाई."

"आन् तीन वर्षं बोलली न्हाईस?"

"दोन्ही माझेच," विमलबाई म्हणाली. "एकाला सोडवायला दुसऱ्याला धरून देऊ? कसं देऊ, सांगा तुमी..."

आसारामनं मान वर केली. त्यानं हनुमानकडं बघितलं, नीट, डोळ्यात डोळे घालून. "खाली उतर, हनुमान. मला वर चढता येत न्हाई."

हनुमान उतरला. बापानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढलं आणि रस्त्यावर, सगळ्या लोकांत, तो म्हातारा हुंदके देत राहिला.

सत्यम सायकल ढकलत आला. "उद्यापासून आईबरोबर मी जातो. दादा, सायकल तू घे."

"तीन वर्षं बसलो न्हाई मी."

"बसशील. मला कोयता शिकव तेवढा."

हनुमाननं त्याचा उजवा हात उलटा करून तळवा बघितला. हँडलचे घट्टे होते, पण कोयत्याच्या जागी कातडी मऊच होती.

"आठ दिवस फोड येतील," तो म्हणाला. "रडायचं न्हाई."