नोंद क्रमांक दोनशे बारा

दारात डोक्यावर लोखंडी ट्रंक घेतलेला माणूस उभा होता. गौरीने त्याला भंगारवाला समजून सांगितलं, "आज काही द्यायचं नाही."

"नका देऊ. मीच द्यायले आलो," तो म्हणाला. "पणजोबा आणलेत."

त्याच्या केसांत कापसाचं एक पुंजकं अडकलं होतं. बसने येताना खिडकीशी बसला असणार... ते काढावं, असं गौरीच्या हाताला उगाचच वाटून गेलं.

तो क्षितिज मुकुटबनकर, नेरच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. ती गौरी मुकुटबनकर, यवतमाळच्या कॉलेजातली ग्रंथपाल. तिचे वडील सदाशिवराव तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून मुकुटबनकरांचा कुलवृत्तांत लिहीत होते; म्हणजे ते सांगत आणि गौरी टाइप करी. मुकुटबनकर तेवढे सगळे एका कुळाचे, एका गोत्राचे. त्यामुळे दारातला हा देखणा माणूस शास्त्राने तिचा भाऊ लागत होता. शास्त्राने तिची इतकी निराशा पूर्वी कधी केली नव्हती.

"गौरीताई म्हण हिला," सदाशिवरावांनी तिथल्या तिथे नातं पक्कं केलं. क्षितिजने मान डोलावली, पण ताई काही म्हटलं नाही.

क्षितिजच्या आबांचं, म्हणजे वडील वामनरावांचं म्हणणं असं, की पणजोबा रघुनाथराव १९२३ साली बोटीने विलायतेला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. दर दसऱ्याला वामनराव या ट्रंकेची पूजा करीत. नोंद क्रमांक दोनशे बारा. पुरावा: ट्रंक. आत एक पितळी झारा.

"बॅरिस्टरच्या ट्रंकेत झारा?" गौरीने विचारलं.

"आबा म्हणतात, चहा गाळायले."

"झाऱ्याने?"

"विलायतेतला कप मोठा असन."

सदाशिवरावांना कागद हवा होता. जुन्या बोटींच्या प्रवासी याद्या आता इंटरनेटवर आहेत, हे गौरीला ठाऊक होतं. मग दर रविवारी क्षितिज यायचा. येताना स्वतः केलेली भरली वांगी आणायचा. दोघं एका स्क्रीनसमोर बसून शंभर वर्षांपूर्वीचे रकाने वाचायचे — नाव, वय, धंदा, वर्ग.

"एडन कुठं आहे हो, मास्तर?" नकाशा उघडून ती विचारी.

"तुमच्या अंगठ्याखाली." आणि तो तिचा अंगठा अलगद बाजूला करी. एडन गावाकडे इतक्या वेळा कुणी पाहिलं नसेल.

पाचव्या रविवारी बोट सापडली. मुंबई ते लंडन. नागोराव मुकुटबनकर, वय चोवीस, विद्यार्थी. खालच्या ओळीत — रघुनाथ, वय एकोणीस, नागोरावांचा स्वयंपाकी.

नागोराव गौरीच्या शाखेतले. 'विलायतेस गेले, परतले नाहीत' एवढीच त्यांची नोंद होती. बोटीवरचं अन्न चालायचं नाही, म्हणून सोबत सोवळ्यातला आचारी नेला असणार. तीन वर्षांनी परतीच्या यादीत एकटाच रघुनाथ होता. कुण्या कारकुनाने त्याच्यापुढे मालकाचं आडनाव लिहून टाकलं होतं.

"त्याच कागदावर पुढं नोकरी लागली असन," क्षितिज म्हणाला. "कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगतलं नाही."

"म्हणजे... तू मुकुटबनकर नाहीस."

"नाही."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. दोघांनाही हसू आवरेना. मग त्याचं हसू मावळलं.

"आबांले कसं सांगू? सांगतलं तर त्यांचा बॅरिस्टर जाते. नाही सांगतलं तर—"

"तर मला राखी बांधावी लागेल," गौरी म्हणाली.

पुढच्या रविवारी वामनराव स्वतः आले. चष्मा पुसून त्यांनी यादी वाचली. पुन्हा चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"दत्तक घेतलं असेल," सदाशिवराव घाईने म्हणाले. "दत्तकाने गोत्र बदलतं."

"तिकिटाने बदलत नाही, बाबा," गौरी म्हणाली.

वामनरावांनी झारा मांडीवर घेतला. क्षितिज वडिलांकडे पाहत होता आणि गौरी क्षितिजकडे.

"एकोणीस वर्षांचं पोरगं," वामनराव अखेर म्हणाले. "समुद्र ओलांडून मालकाले तीन वर्षं रांधून घातलं. एकटं परत आलं. अन् आमी इतकी वर्षं हळदकुंकू वाह्यलं ते ट्रंकेले!" त्यांनी झारा धोतराच्या सोग्याने पुसला. "काढा आमचं नाव तुमच्या पुस्तकातून."

"मग तुमचं गोत्र कोणतं?" सदाशिवरावांनी विचारलं.

"ठाऊक नसलं की कश्यप सांगाव. तशी सोय आहेच शास्त्रात."

गौरीने नोंद दोनशे बारा उघडली. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं?

"पुस ना," क्षितिज तिच्या कानाशी म्हणाला. "कायले थांबली?"

तिने बटण दाबलं. मग ती स्वतःच्या नोंदीवर आली. कुलवृत्तांताच्या नियमाने मुलीच्या नावापुढे जावयासाठी कंस असतो. तिच्यापुढचा कंस रिकामा होता.

"आडनाव काय लिहू?" तिने हळूच विचारलं.

"मुकुटबनकरच. कागदोपत्री तेच आहे. तुले बदलायची कटकट नाही."

सदाशिवराव खोकले, पण तो खोकला विरोधाचा नव्हता, हे तहसिलीत कुणीही सांगितलं असतं. आजही खिडकीशी बसून आलेल्या क्षितिजच्या केसांत कापूस होता. गौरीने हात वर केला, आणि सगळ्यांसमोर तो काढला.