सामायिक खोलीतले डोके

चौथरा रिकामा होता. शंखजिऱ्याच्या दगडातले, कोबीच्या गड्ड्याएवढे, पुरुषाच्या डोक्याचे ‘नवरा’ हे शिल्प रातोरात नाहीसे झाले होते.

हेल्वी कोर्तेस्माकी बर्फ झटकत फिनलंडमधल्या ऊलू शहरातील त्या इमारतीच्या सामायिक खोलीत शिरल्या. संग्रहालयाच्या भांडारात पडून असलेली शिल्पे रहिवाशांना उसनी देण्याची योजना त्यांचीच. कुलूप शाबूत होते. किल्ल्या दोनच : एक रखवालदार ओइवाकडे, दुसरी सोसायटीचे अध्यक्ष आर्मास यांच्याकडे.

“ओइवा, आजच तुझी राहायची खोली रिकामी कर. नोकरी गेली तुझी,” आर्मास म्हणाले.

“अहो, मी कशाला नेऊ ते थोबाड? पुसताना अंगावर काटा यायचा!” ओइवाचा आवाज चिरकला. “तुमच्या एल्नाताईंनी घडवलंय म्हणून गप्प होतो.”

एल्ना ही आर्मास यांची पत्नी. ती गोठलेल्या नदीत बुडाली, त्याला बरीच वर्षे झाली होती.

हेल्वींनी खिडकीतून पाहिले. संध्याकाळपासून पडलेल्या बर्फावर केवळ त्यांचीच पावले होती, आत येणारी.

“म्हणजे डोकं इमारतीतच आहे.” हेल्वींना तळघरातले रहिवाशांचे वाफेचे स्नानगृह आठवले. “काल सौना चालू होता?”

“शुक्रवार ना. शेवटची पाळी अध्यक्षांची,” ओइवा म्हणाला.

“मी गेलो, तर भट्टी गार पडलेली. तसाच परतलो,” आर्मास म्हणाले.

“नंतर कुणी लावली?”

“कोण लावणार? पाळ्या संपल्या की ती आपोआप बंद होते.”

हेल्वींनी तळघरातील सौनाचे दार उघडले. त्यांच्या चष्म्यावर धुके चढले. तापवून वर पाणी ओतले की वाफ काढणारे भट्टीचे दगड बाकाखालच्या बादलीत भरलेले होते.

“जुने असतील. टाकायला काढलेत,” आर्मास घाईने म्हणाले.

“ओइवा, चिमटा आण.”

“बाई, कशाला?”

“भट्टी गार होती, तर माझा चष्मा का धुकटला? साधे दगड सकाळपर्यंत निवतात. शंखजिऱ्याचा दगड ऊब धरून ठेवतो आणि आगीत तडकत नाही, म्हणून तर आपण त्याच्या चुली बांधतो. आर्मास, तुम्ही हे दगड काढून त्यांच्या जागी डोकं ठेवलंत. ते तडकावं म्हणून तापवून वर गार पाणी ओतलंत. तडकलं असतं, तर तुकडे या बादलीतून कचऱ्यात गेले असते आणि चोर ओइवा ठरला असता. ते तडकलं नाही, म्हणून या दगडांखाली दडवलंत.”

ओइवाने वरचे दगड बाजूला केले. काळवंडलेला चेहरा वर आला : आवळलेला जबडा, बारीक डोळे. कुठे चीरही नव्हती. ओइवाने एकदा त्याच्याकडे पाहिले, मग आर्मासच्या तशाच आवळलेल्या जबड्याकडे.

“असंच!” आर्मास ओरडले. “जिन्यात प्रत्येक जण असंच बघतो! परवा एका बाईनं विचारलं, एल्ना नदीवर एकटीच गेली होती का?”

“गेली होती का?”

आर्मास यांनी त्या चेहऱ्याकडे पाठ फिरवली.

“बायकोनं कुठला दगड निवडला, एवढंही तुम्ही कधी पाहिलं नाहीत,” हेल्वी म्हणाल्या.

“घेऊन जा ते. भांडारात कोंडून ठेवा. हात जोडतो.”

“आधी पोलीस येतील. पुढं उसनवारीची मुदत वसंतापर्यंत आहे. ओइवा, खोली तुझीच आहे. याला वर ने.”

ओइवाने ते टॉवेलात गुंडाळून चौथऱ्यावर ठेवले. दगड अजून कोमट होता.