चादरींची गाडी

दिवा राहू दे, पण ते मोबाइल खाली ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावाने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे. लंबू म्हणायचो आम्ही त्याला. दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी गाडीतून पोचवायच्या, हे त्याचं काम.

त्याला मधूनच भोवळ यायची. दोनदा घरातच पडला. डॉक्टरांनी बजावलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हा पठ्ठ्या मालकाकडे काही बोललाच नाही. नोकरी गेली तर खाणार काय? शिवाय ड्रायव्हर मंडळींचं एक ठरलेलं औषध असतं: खिडकी उघडा, गार वारा घ्या, मोठ्याने गाणं म्हणा. अरे, त्याने झोप जाते, भोवळ कशी जाईल? पण सांगणार कोण त्या शहाण्याला!

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेअकरा. एवढी खेप टाकून येतो, असं बायकोला फोनवर सांगून तो निघाला. रस्ता मोकळा होता. नदीचा पूल ओलांडला आणि त्याच्या कानात गुणगुण सुरू झाली. तळहात घामेजले. तेव्हाच गाडी बाजूला घ्यायला हवी होती. घेतली नाही. खिडकीचं बटण दाबायला गेला...

हात उचललाच गेला नाही.

डोळ्यांपुढे अंधार. मग दिसायला लागलं. नुसतं दिसायला. मान हलेना. जीभ हलेना. गाडी धावतेय. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय, दगडासारखा. स्वतःचाच पाय... पण ऐकत नाही. स्वतःच्याच अंगात कोंडला गेला बिचारा.

पुढे एक सायकल. कॅरिअरवर लहान मूल, बापाला बिलगून बसलेलं. सायकल जवळ येत गेली. थांब, थांब... आतल्या आत ओरडत होता. आवाज नाही. मुलाने मागे वळून पाहिलं...

खाडकन कानाखाली बसली.

पाय सुटला. ब्रेक लागला. सायकल पुढे निघून गेली. त्या बापाला काही कळलंही नसेल.

गाडीत दुसरं कोणी नव्हतं. मागे चादरी. दारं आतून बंद. आणि थप्पड बसली होती उजव्या गालावर, खिडकीच्या बाजूने. काच वरपर्यंत लावलेली...

त्याने तिथूनच बायकोला फोन केला. "मला न्यायला ये. मी आता गाडी चालवणार नाही," एवढंच म्हणाला. ती शेजाऱ्याला घेऊन आली. त्याचं तोंड पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुणी मारलं तुम्हाला?"

त्याने आरशात पाहिलं. गालावर वळ उठले होते...

दुसऱ्या दिवशी मालकाला सगळं सांगून किल्ली परत केली. आता त्याच चादरींच्या घड्या घालतो. पगार कमी, पण रात्री घरी असतो. वळ दिसू नयेत म्हणून त्याने दाढी वाढवली. चांगली दाट आली. फक्त उजव्या गालावर पाच पट्टे आहेत, बोटांएवढे. तिथे केस उगवत नाहीत.