आरशातला तारपा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवते. त्या दुपारी मला फक्त एक पुठ्ठ्याची चकती फिरवायची होती.

दारावर रानभाजी घेऊन येणारी बायडी माझी मैत्रीणच झालेली. तिचा नवरा चिंधू तारपा वाजवायचा. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य फुंकत तो मधोमध, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. गावातल्यांच्या मोबाइलमध्ये नाचाचे व्हिडिओ भरपूर, पण चिंधू दर वेळी नाचणाऱ्यांच्या आड. एकदा त्याला वाजवताना बघायचंय, एवढंच ती म्हणायची.

मग ही युक्ती सुचली आणि काय हुरूप आला म्हणून सांगू! गोल पुठ्ठा कापला, कडेला फटी पाडल्या. त्यांच्या आत नाचणाऱ्या बायका काढल्या, प्रत्येकीचं पाऊल आधीचीपेक्षा जरासं पुढे. मधे चिंधू. चकती टाचणीनं काठीला लावली. चित्रं आरशाकडे करून ती गरागरा फिरवायची आणि मागून फटींतून आरशात बघायचं, की चित्रं चालायला लागतात. मला कुठला धीर! स्वतः बघायच्या आधीच बायडीला बोलावून घेतलं.

गालाला गाल लावून आम्ही बघायला लागलो. बायका नाचत होत्या, अगदी खऱ्या! मी आनंदानं ओरडणारच होते.

"बाय… ह्या उलट्या चालल्यात."

अगं बाई, आरसा! आरशात डावं-उजवं बदलतं, हे मी, चित्रकलेची बाई, साफ विसरले होते.

"आमी ह्या अंगानं नाचत नाय," ती हळूच म्हणाली. "ते नाचतात…"

ते कोण, असं मी विचारलं. "आमची गेलेली मानसं," ती आरशातून नजर न काढता म्हणाली.

तेवढ्यात माझी दुसरी चूक ध्यानात आली. मधलं एकुलतं चित्र चकतीबरोबर फिरून पुसट होणार, चिंधू दिसणारच नाही. जीव चरकला. बघितलं तर तो मधोमध सरळ उभा होता. गाल फुगत होते, बसत होते. मी त्याला गालच काढले नव्हते, नुसतं गोल डोकं.

"दिसला," बायडी म्हणाली आणि रडायला लागली.

मी घाबरून बोटानं चकती थांबवली. हातातली थांबली. आरशातली फिरत राहिली. तारप्याचा घुमणारा सूर खोलीत भरला, ताडीचा वास आला. भीती वाटत होती, पण खरं सांगते, आनंद त्याहून मोठा होता. चकती हातातून कधी पडली, कळलं नाही.

बायडीनं माझा उजवा हात धरला. "पाठ फिरवू नको हां, बाय. तारप्याला पाठ दाखवत नाय."

आरशात, फिरणाऱ्या चकतीमागे, आम्ही दोघीच दिसत होतो. तरी माझा डावा हात मागून कोणीतरी धरला. हात गार होता, खरखरीत होता. वळून बघावं, तर आरशातल्या तारप्याला पाठ होणार…

बायडीनं त्या उलट्या अंगानं पाऊल टाकलं. मीही टाकलं.