शेवटची ओंजळ

पितरांना पाणी देणाऱ्याने स्वतःचे कुळ आठवावे, हे योग्यच. पण ज्यांचे नाव घेणारे मागे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही शेवटी एक ओंजळ सोडायची असते. अकोल्याच्या शाळेत संस्कृत शिकवताना मी हे कितीदा सांगितले असेल.

आणि स्वतः मात्र चुकलो.

जे घडले तेवढेच लिहितो. पदरचे एक अक्षरही नाही.

गेल्या कार्तिकातली दुपार. नर्मदेतले मांधाता बेट, म्हणजेच ओंकारेश्वर. सोबत थोरल्या वहिनी पार्वताबाई आणि त्यांचा मुलगा विपुल. देवदर्शन झाले, झुलता पूल झाला, पडक्या मंदिराच्या जोत्यावरचे दगडी हत्ती पाहून झाले. बेटाच्या टोकाला, संगमावर, मी दिवंगत बंधूंसाठी तर्पणाला उभा राहिलो.

“भाऊजी, तुमचे मंतर का एसटीची वाट पाहून राह्यले?” वहिनी हसल्या. “आटपा लवकर.”

“काका, नाव सुटून राह्यली!” विपुलने हाक दिली.

शेवटची ओंजळ भरलेली होती...

मी ती तशीच झटकली. धोतराला हात पुसले आणि निघालो.

नाव मध्यावर आली. मी अगदी मागच्या टोकाला बसलो होतो. कानाशी कोणी म्हणाले...

“माहं राह्यलं ना, गुरुजी...”

मी वळलो. मागे फक्त पाणी.

नावाडी निमाडचा. बाकीचे प्रवासी इंदूरचे. आणि ही बोली आमच्या वऱ्हाडची.

“विपुल, काही म्हणालास?”

“मी काहून म्हनीन?”

तेवढ्यात वहिनींनी पाणी मागितले. बाटली संपवली. दुसरी मागितली. तीही संपली. मग त्या नावेच्या कडेवरून वाकून ओंजळीने नर्मदाच पिऊ लागल्या.

“आई, पुरे कर न वं!”

“तहानच भागून नाही राह्यली रे... अन् खारं लागते. आपल्या खारपानपट्ट्यातल्या विहिरीवानी.”

विपुलने चाखले. मीही चाखले.

पाणी गोड होते.

घाटाला लागेपर्यंत त्यांचे ओठ फुटले होते. डोळे खोल गेले होते. माझ्या हातांना मात्र ती झटकलेली ओंजळ अजून जाणवत होती.

“वहिनींना दवाखान्यात ने,” मी म्हणालो. “मी संगमावर परत जातो.”

“काका, आई मरून राह्यली अन् तुमाले मंतर सुचते?”

त्याचे बरोबर होते. माझाही इलाज नव्हता. मी त्याच नावेत पुन्हा चढलो.

संगमावर दिवस कलला होता. ओल्या वाळूत माझी पावले तशीच उमटलेली होती. शेजारी आणखी एक जोडी... बोटे पाण्याकडे वळलेली.

येतानाची पावले नव्हती. जातानाचीही नव्हती.

मी जानवे उजव्या खांद्यावर घेतले. ओंजळ भरली. जे आमचे नाहीत, कोणाचेच नाहीत, त्यांच्या तृप्तीचा उच्चार सावकाश, एकही अक्षर न गाळता केला. पाणी सोडले...

पडल्याचा आवाज आला नाही.

हात रिकामे होते. नदीवर तरंगही उठला नव्हता.

तोच फोन वाजला. विपुल होता. “काका... आईनं पेला बाजूले ठेवला. म्हने, आता पुरे झालं. गोड लागलं म्हने.”

डॉक्टरांना कारण सापडले नाही. वहिनी आज अकोल्यात खुशाल आहेत. त्या तहानेतले त्यांना काही आठवत नाही. “भाऊजींनं बेटावर नेलं अन् पानीही पुरवलं नाही,” एवढा टोमणा मात्र, विपुलने सांगितल्यावरून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. सगळे हसतात. मीही हसतो.

पण ती बोली कानातून जात नाही. खारपाणपट्ट्यातले कोण तिथवर गेले होते? आपल्या मुलखातल्या माणसाची किती वर्षे वाट पाहत उभे होते?

मी रोज सकाळी तर्पण करतो. शेवटच्या ओंजळीला घाई करत नाही. ताम्हणात पाणी पडल्याचा आवाज आला, की जीव भांड्यात पडतो.

कधी कधी... येत नाही.

वहिनींना उदंड आयुष्य लाभो. आणि तुम्ही, जे कोणी असाल, तुम्हाला गोड पाणी मिळो. तुमची तहान शमो.