काचेतली हासळी

माघातलं सकाळचं ऊन आर्वीच्या त्या गल्लीत घाईनं येत नसे. आधी ते समोरच्या कौलांवर तांबूस पट्टीसारखं थांबे. मग ओमप्रकाशच्या चहाच्या भट्टीतून उठणाऱ्या दगडी कोळशाच्या धुरात शिरून निळसर होई, आणि सर्वांत शेवटी, आत येऊ का असं विचारल्यासारखं, अण्णाजींच्या दुकानाच्या काचेला टेके. काचेमागे जुन्या वस्तू मांडलेल्या असत: पितळी समया, राणीछाप रुपये, काळवंडलेले वाळे आणि तोडे. त्यांच्यावरून ऊन न थबकता सरकत जाई. थबके ते फक्त हासळीपाशी. लाल मखमलीवर ठेवलेलं, गळ्यात घालायचं ते जाड नक्षीदार कडं एकदम पेट घेई आणि पायरीवर चहा पीत बसलेल्या रूपरावच्या डोळ्यांवर तिरीप येई. गेले कित्येक महिने त्याचा दिवस त्या तिरिपेनं उजाडत होता.

त्या दिवशी ऊन काचेवर आलं आणि तसंच पुढं सरकलं.

रूपरावनं कप खाली ठेवला. मखमलीवर नुसता गोल खळगा होता.

"अण्णाजी," तो हळूच म्हणाला, "हासळी कुठं आहे?"

रूपराव आर्वीच्या ठाण्यातला नवा फौजदार. आवाज चढवणं त्याला जमत नसे. शिपाई त्यावरून पाठीमागे हसत. या परक्या गावात त्याचं म्हणावं असं माणूस एकच, हे म्हातारे अण्णाजी. पुढं दुकान, मागं एकट्याचं बिऱ्हाड. मणी, रेशीम, जर, लोकरीच्या लडी विकून ते पोट भरत आणि जुन्या दागिन्यांवर जीव लावत. वस्तूकडे कसं पाहावं हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. "गिलट जन्मभर गोरं राहतं, रूपराव," ते म्हणत. "जे काळवंडतं, ते खरं."

अण्णाजी काचेपाशी आले. त्यांनी काचेचं कुलूप ओढून पाहिलं.

"काल संध्याकाळी होती. मीच काच लावली."

दुकानाचं कुलूप शाबूत होतं. काचेचंही.

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक जुडगा माझ्याकडे. संशय म्हणून नाही सांगत, रूपराव, पण दुसरा धुरपताकडे असतो. आणि हासळी तिच्याच लोकांचा दागिना." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "गरीब आहे बिचारी."

म्हातारा माणूस गांगरला आहे, रूपरावनं स्वतःला सांगितलं.

धुरपता दुकानात झाडलोट करी, मणी ओवून देई. त्या वेळी ती आत केरसुणी घेऊन उभीच होती. जमादार चिंधूनं तिला दुपारपर्यंत ठाण्यात आणून बसवलं.

"हासळी गोंडाच्याच बाया घालते, साहेब," चिंधू म्हणाला. "दोन ठेवून द्या, संध्याकाळपर्यंत माल हाजीर."

"हात लावायचा नाही," रूपराव म्हणाला. चिंधूनं भिंतीकडे पाहून नाक मुरडलं.

"धुरपताबाई, तुम्ही सकाळी काय पाहिलं?"

"फळ्या काढल्या, झाडू मारून राह्यली होती. काचेकडे नाई पाह्यलं. तुमीच तं पह्यले पाह्यलं."

"रात्री किल्ली कुठं होती?"

"माह्या कंबरेले."

"हासळी शेवटची कधी हाताळली होती?"

"दसऱ्याच्या आधी. समदी चांदी मीच घासते, रिठ्याच्या पान्यानं. ओमप्रकाशच्या धुरानं पंधरा दिसात काळी ठिक्कर होते. पन ते हासळी दसऱ्यापासून नाई घासली. अण्णाजी म्हने, हिले हात नोको लावू, नक्षी झिजते."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनी?" ती खाली पाहत म्हणाली. मग एकदम वर पाहिलं. "साहेब, सोडाचं तं नाव धुऊन सोडा. चोर म्हनून एकदा नाव लागलं की कोनी भांडे घासालेबी नाई ठेवत. माह्या पोरीले कोन करून घेईन?"

रूपरावनं टोपी उचलली. तो पुन्हा दुकानात आला, तेव्हा तिथं वेगळंच वादळ उभं होतं.

"माह्या आजेसासूची चीज, अण्णाजी!" विमलाबाईंचा आवाज ओमप्रकाशच्या भट्टीपर्यंत जात होता. त्या जवळच्याच खेड्यातल्या, खात्यापित्या घरच्या. गेल्या होळीला त्यांनी हासळी इथं मांडायला दिली होती. कुणी हौशी माणूस भेटला तर विकावी, नाही तर परत न्यावी. "परवा निरोप पाठवला, नातीचं लगन हाय, मी नेतो म्हनून. अन् आजच चोरी? ताराचंद सोनार मूस तापवून बसला हाय नं!"

"मूस कशाला?" रूपरावनं विचारलं.

"मोड घालाले, साहेब. आजकालच्या पोरी हासळी घालते का? वितळवून पैंजण कराचे."

अण्णाजींनी डोळे मिटून घेतले.

"चाय पिओ, मावशी, ग़ुस्सा थूक दो," ओमप्रकाश कप घेऊन दारात आला. "पायल जब बनेगी तब बनेगी, चाय तो तैयार है."

"तुह्या चायमंधीच तं धूर हाय, मेल्या," विमलाबाई फणकारल्या. पण कप घेतला. घोट घेता घेता त्यांची नजर भिंतीकडे गेली. खुंट्यांवर लोकरीच्या लडी टांगल्या होत्या. पोपटी, गुलाबी, पिवळ्या. सगळ्या ढिल्या, लोंबत्या. एक जांभळी मात्र ताठ बसली होती. "ते जांभळी द्या तं. सुनेले दिवस गेले, टोपडं विनतो."

"ती नको, वहिनी. रंग कच्चा आहे."

"होऊ द्या कच्चा."

"विकायची नाही," अण्णाजी म्हणाले. जरा जास्तच जोरानं.

रूपराव त्या वेळी ओमप्रकाशकडे पाहत होता. त्याची भट्टी काचेला लागूनच होती. तो पहाटे सगळ्यांच्या आधी येई. चोर तोच असावा असं रूपरावला मनापासून वाटत होतं. तसं वाटणं सोयीचं होतं. त्यानं भट्टीची राख चाळून पाहिली, फळकुटं उचकटली. काही निघालं नाही.

धुरपताची ती रात्र ठाण्यातच गेली.

दुसऱ्या सकाळी रूपराव सवयीनं पायरीवर येऊन बसला. ऊन कौलांवरून उतरलं, धुरात निळं झालं, काचेवर आलं. धुरपतानं गेल्याच आठवड्यात घासलेल्या तोड्यांवर आताच करडी साय धरली होती. ऊन त्यांच्यावरून मुकाट्यानं सरकलं.

रूपराव त्यांच्याकडे पाहत राहिला. हातातला चहा निवला.

थोड्या वेळानं त्यानं सगळ्यांना दुकानात बोलावलं. विमलाबाई बाकावर बसल्या. चिंधूनं धुरपताला आणून कोपऱ्यात उभं केलं. अण्णाजी गादीवर होते.

"परवा रात्री इथून चांदी चोरीला गेलीच नाही," रूपराव म्हणाला. आवाज इतका खाली होता की चिंधूला पुढं वाकावं लागलं. "या काचेत चांदी पंधरा दिवसांत काळी पडते. धुरपताबाईंनी दसऱ्यापासून हासळी घासलेली नव्हती. तरी ती रोज सकाळी माझ्या डोळ्यांवर चमकत होती. काळी न पडणारी हासळी चांदीची कशी असेल? ते गिलट होतं."

"गिलट?" विमलाबाई उठल्या. "मी चांदीची देल्ली होती!"

"चांदीचीच दिली होती. दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी ती काढून तिथं नक्कल ठेवली. तुम्ही ती परत नेऊन पेटीत टाकाल, आणखी तीस वर्षं कुणी पाहणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पण तुमचा निरोप आला. सोनाराच्या मुशीत गिलट लपत नाही. म्हणून ते मुशीत जायच्या आत नाहीसं होणं भाग होतं." त्यानं श्वास घेतला. "सोन्यानाण्याच्या चोरानं एवढ्या काचेतून एकच वस्तू का नेली असती? राणीछाप रुपये तसेच आहेत. गिलट गेल्याचा फायदा फक्त एकाला होता. ज्यानं ते ठेवलं, त्याला. आणि हासळीला हात लावू नको असं धुरपताबाईंना ज्यानं बजावलं, त्याला."

अण्णाजी गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत होते.

"धुरपताबाई, ती ताठ बसलेली जांभळी लड काढा. काल ती विकायची नव्हती."

तिनं लड खुंटीवरून उतरवली. "हे तं जड हाय जी," ती म्हणाली, आणि लोकर उलगडू लागली. वेढे सुटत गेले. शेवटी तिच्या हातात उरलं ते जाड कडं, टोकांना मोराच्या माना, आणि सगळं काळं ठिक्कर.

"खरं आहे," रूपराव म्हणाला. "काळवंडलं आहे."

"नक्कल विहिरीत आहे," अण्णाजी म्हणाले. मग कुणालाही उद्देशून नसल्यासारखं बोलत राहिले. "त्या माना पाहा. एकीचा डोळा मिटलेला, एकीचा उघडा. असा हात आता जन्माला येत नाही. आणि ही बाई ते वितळवायला निघाली. मी विकणार नव्हतो. नुसती वाचवणार होतो."

"माह्या घरची चीज!" विमलाबाईंनी हासळी धुरपताच्या हातून ओढून पदरात घेतली. "मी मोडीन नाई तं जमिनीत पुरीन, तुमाले काय करा लागते?"

"वाचवायची होती, अण्णाजी," रूपराव म्हणाला, "तर एक बाई रात्रभर कोठडीत का बसली?"

"मी कुठं बसवलं? मी तिचं नाव घेतलंच नाही. मी फक्त किल्लीचं बोललो. लोकांनी घेतलं. तुझ्या जमादारानं घेतलं."

धुरपतानं हातातली जांभळी लोकर नीट गुंडाळली, परत खुंटीला अडकवली. कंबरेचा जुडगा सोडून गादीवर ठेवला.

"काऊन गं, माह्या घरी कामाले येशील नं?" विमलाबाईंनी ओशाळून विचारलं.

"नाई जी," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

चिंधूनं अण्णाजींचा दंड धरला. रूपरावनं मान हलवून तो सोडायला लावला. म्हातारा आपल्या पायांनी चालेल, तो म्हणाला. ठाण्यापर्यंतच्या वाटेवर दोघं शेजारी शेजारी चालले, रोज संध्याकाळी चालत तसे. लोकांनी नाव घेतलं, जमादारानं घेतलं, गाव असंच असतं, रूपराव मनाशी म्हणत राहिला. कालपासून तो अण्णाजींसाठी अशाच सबबी शोधत होता. ठाण्याच्या फाटकापाशी त्याला ते पुढं म्हणता येईना.

धुरपताचं नाव सर्वांत आधी अण्णाजींनीच घेतलं होतं.